चीनमध्ये बिऱ्हाड: काय स्वस्त, काय महाग, काय अजब!

शांघायच्या गल्लीतल्या टपरीवर सकाळी अडीच-तीन युआनला वाफाळती बाओझी मिळते. आत सारण, बाहेर मऊ लुसलुशीत पाव. तिथून दहा पावलांवरच्या परदेशी कॅफेत कॉफीच्या पेल्याला तीस-पस्तीस युआन पडतात. एका युआनचे साधारण बारा रुपये धरा. एक जण छत्तीस रुपयांत नाश्ता उरकून कामाला लागतो आणि दुसऱ्याचे चारशे रुपये नुसत्या कॉफीवर जातात. गल्ली तीच, सकाळही तीच.

चीनमध्ये बिऱ्हाड थाटणाऱ्या परदेशी माणसाच्या खर्चाचं सूत्र इथेच सापडतं. शेजारीपाजारी जे खातात, वापरतात आणि ज्यातून हिंडतात, ते स्वस्त. मायदेशातलं जे जसंच्या तसं हवं असतं, ते महाग. वैद्यकीय शिक्षणासाठी गेलेले विद्यार्थी, यिवूच्या घाऊक बाजारातून माल उचलणारे व्यापारी, कंपनीने पाठवलेले इंजिनिअर, सगळ्यांना हे लागू पडतं. चला, एकेक नवल पाहू.

शंभराच्या वर नोटच नाही

चीनमधली सगळ्यांत मोठी नोट शंभर युआनची. सहा हजारांचं घरभाडं रोख द्यायचं म्हटलं तर साठ नोटा मोजायला हव्यात. ती वेळ सहसा येत नाही, कारण २००४मध्ये सुरू झालेलं अलीपे आणि २०११मध्ये आलेलं वीचॅट यांनी रोखीचे व्यवहार जवळजवळ संपवले आहेत. भाजीवाल्यापासून सायकल दुरुस्त करणाऱ्यापर्यंत प्रत्येकाकडे क्यूआर कोड असतो. २०२३पासून परदेशी बँकांची कार्डंही या ॲपना सहज जोडता येतात. २०० युआनपर्यंतच्या खरेदीवर शुल्क नाही, त्यापुढे ३ टक्के लागतात. पगार सुरू झाला की तिथल्या बँकेत खातं काढावं, म्हणजे हे ३ टक्केही वाचतात. कार्डाचा पिन मात्र सहा आकडी असतो, आपल्यासारखा चार आकडी नाही. आणि शंभर-दोनशे युआन रोख खिशात असू द्यावेत. दुकानदाराने रोख रक्कम नाकारू नये असा तिथल्या मध्यवर्ती बँकेचा नियम आहे, आणि मोबाइलची बॅटरी संपली की त्या नोटाच कामाला येतात.

पाटीवर पाच, किलोला दहा

भाजीबाजारात टोमॅटोच्या ढिगावर पाटी असते: ५. नवा माणूस खूश होतो, किलोला पाचच युआन! प्रत्यक्षात हा भाव एका जिनचा असतो आणि जिन म्हणजे बरोबर अर्धा किलो. म्हणून पाटीवरचा आकडा मनातल्या मनात दुप्पट करायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्यावी.

भाषा येत नसली तरी इथे अडत नाही, कारण चिनी विक्रेते एकाच हातावर दहापर्यंत मोजून दाखवतात. अंगठा आणि करंगळी ताठ, बाकीची बोटं मिटलेली, म्हणजे सहा. अंगठा आणि पहिली दोन बोटं टोकाशी जुळवली की सात. अंगठा आणि तर्जनी पिस्तुलासारखी धरली की आठ. तर्जनी आकडीसारखी वाकवली की नऊ. मूठ किंवा एकमेकांवर आडव्या धरलेल्या दोन तर्जनी म्हणजे दहा. ही पाच चिन्हं पाठ असली की अख्खा बाजार बोलका होतो. रोजच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत विक्रेते कधी कधी कांद्याच्या पातीच्या दोन काड्या आपणहून टाकतात, अगदी आपली भाजीवाली कोथिंबिरीच्या चार काड्या टाकते तसं!

टिप नको, साय-लोण्याला मोजा

रस्त्यावर तव्यावर तयार होणारं, अंडं आणि कुरकुरीत पापडी घातलेलं ज्येनबिंग सात ते बारा युआनला. लानझोच्या पद्धतीचे, हाताने ताणलेले नूडल्स रश्श्यासकट पंधरा-वीस युआनला. जेवणानंतर टिप द्यायची पद्धतच नाही. टेबलावर पैसे ठेवून निघालात तर विसरलात असं समजून वेटर मागे धावत येण्याचीच शक्यता जास्त.

कॉफीतही स्वस्त वाट आहे. स्टारबक्सने १९९९मध्ये बीजिंगला चीनमधलं पहिलं दुकान उघडलं. आज लकिन या चिनी साखळीची दुकानं त्याच्याहून कितीतरी जास्त आहेत आणि सवलतीत ९.९ युआनला कॉफी देऊन तिने बाजार ढवळून काढला. परदेशी चीज, लोणी, ऑलिव्ह तेल, सकाळच्या न्याहारीचे डबे यांच्या किमती मात्र लगेच खिशाला चाट लावतात.

शाकाहारी मंडळींसाठी बुद्धाचं दार

भाजी मागवली तरी ती डुकराच्या चरबीत परतलेली किंवा ऑयस्टर सॉस घातलेली असू शकते. अशा वेळी बौद्ध शाकाहारी खानावळ शोधावी. मोठ्या मंदिरांच्या आसपास ती हमखास सापडते आणि अनेक ठिकाणी वीस-तीस युआनमध्ये हवं तितकं वाढून घेता येतं. तिथे मांस, अंडी तर नसतातच, पण कांदा आणि लसूणही वर्ज्य असतो. चातुर्मास पाळणाऱ्यांना आणि जैन मंडळींना हे स्वयंपाकघर घरचंच वाटेल. घरी रांधणाऱ्यांना टोफू हा सर्वांत स्वस्त आधार. तूरडाळ, कणीक, हिंग ऑनलाइन मिळतं, पण ते महिन्याच्या यादीत जपून लिहावं.

उकळतं पाणी फुकट

नळाचं पाणी चिनी लोक तसंच पीत नाहीत, उकळूनच पितात. म्हणून रेल्वे स्टेशन, विमानतळ, हायस्पीड ट्रेनचा डबा, कॉलेजचं वसतिगृह अशा सगळ्या ठिकाणी उकळत्या पाण्याचा नळ असतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. प्रत्येकाच्या हातात थर्मास, त्यात चहाची पानं. दिवसभर त्यातच पाणी ओतत राहायचं. ट्रेनमध्ये याच नळावर नूडल्सचे कप भरणाऱ्यांची रांग लागते. घरी १८.९ लिटरचा जार मागवायचा, तो वरच्या मजल्यापर्यंत घरपोच येतो. चांगला थर्मास ही चीनमधली पहिली खरेदी असावी. बाटलीबंद पाण्याचे आणि बाहेरच्या चहाचे पैसे वर्षभर वाचतात.

घर: एक अनामत, तीन आगाऊ

भाड्याच्या घराचा रूढ व्यवहार असा: एका महिन्याचं भाडं अनामत आणि तीन महिन्यांचं आगाऊ. त्यावर एजंटची दलाली. म्हणजे चार हजारांचं घर ठरलं तर किल्ली हातात पडेपर्यंत सोळा हजारांहून जास्त युआन मोजावे लागतात. जाताना सोबत न्यायच्या रकमेत हा आकडा आधीच धरायला हवा. शांघायच्या मध्यवस्तीत एका बेडरूमच्या फ्लॅटला साधारण सहा ते नऊ हजार युआन भाडं पडतं. चेंगदू किंवा वुहानमध्ये अशाच घराला दोन ते साडेतीन हजारांत भागतं. शहर निवडतानाच निम्मं अंदाजपत्रक ठरून जातं.

घरात पाऊल टाकल्यावर घड्याळ सुरू होतं. परदेशी माणसाने २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात राहत्या पत्त्याची नोंद करायची असते. हॉटेलात हे काम हॉटेलवाले करतात, भाड्याच्या घरात ते आपल्यावर येतं. चुकलं तर दोन हजार युआनपर्यंत दंड होऊ शकतो. अनेक शहरांत ही नोंद आता ऑनलाइनही होते.

नदी ओलांडली की हीटर बंद

छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांना जोडणारी एक रेषा चीनच्या हिवाळ्याचे दोन भाग करते. रेषेच्या उत्तरेला सरकारी मध्यवर्ती हीटिंग, दक्षिणेला नाही. १९५०च्या दशकात इंधन तुटपुंजं होतं, तेव्हा आखलेली ही विभागणी अजून टिकून आहे. बीजिंगमध्ये १५ नोव्हेंबरपासून १५ मार्चपर्यंत घराघरातले रेडिएटर गरम असतात. आकारणी चौरस मीटरवर होते, साधारण २४ ते ३० युआन. साठ चौरस मीटरच्या घराला अख्ख्या हिवाळ्याचे दीड-पावणेदोन हजार युआन. उलट शांघायमध्ये बाहेर थंडी कमी, पण घरात जास्त वाजते. तिथे एसी आणि विजेच्या गादीवर भिस्त. दक्षिणेत घर घेताना खिडक्या नीट बंद होतात का, हे आधी बघावं.

चौथा मजला कुठे गेला?

लिफ्टमध्ये ३ नंतर थेट ५ दिसला तर चकित होऊ नका. चारचा उच्चार मृत्यूच्या उच्चाराशी जुळतो, म्हणून अनेक इमारतींत ४, १४, २४ हे मजलेच नसतात. काही ठिकाणी पाश्चात्त्यांचा अशुभ १३ देखील गाळलेला असतो, त्यामुळे पंचविसाव्या मजल्यावरचा माणूस खरा बराच खाली राहत असतो. आठ मात्र लाडका. बीजिंग ऑलिंपिकचं उद्घाटन ८-८-२००८ रोजी रात्री आठ वाजता झालं. जास्त आठ असलेल्या मोबाइल नंबरला जादा पैसे पडतात. चार असलेला नंबर स्वस्तात मिळतो, आणि परदेशी माणसाला त्याने काहीच फरक पडत नाही.

छत्तीस रुपयांत मेट्रो

बीजिंग आणि शांघाय, दोन्हीकडे मेट्रोचं तिकीट तीन युआनपासून सुरू होतं आणि त्यात सहा किलोमीटर जाता येतं. शांघायमध्ये पुढच्या दर दहा किलोमीटरला एकच युआन वाढतो. प्रत्येक स्टेशनात विमानतळासारखी बॅगेची तपासणी होते, कधी हातातल्या बाटलीतलं पाणी पिऊनही दाखवावं लागतं. स्टेशनपासून घरापर्यंत भाड्याची सायकल असतेच, अर्ध्या तासाला साधारण दीड युआन. कुलूप मोबाइलने उघडायचं.

स्वतःची गाडी म्हणजे वेगळंच प्रकरण. शांघायमध्ये पेट्रोल गाडीची नुसती नंबरप्लेट लिलावात घ्यावी लागते आणि तिचा भाव ९० हजार युआनच्या वर जातो. जवळजवळ अकरा लाख रुपये, गाडीचे पैसे निराळे! बीजिंगमध्ये २०११पासून सोडत काढतात. शिवाय आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परवाना चीनमध्ये चालत नाही. शंभर प्रश्नांची लेखी परीक्षा देऊन नव्वद गुण मिळवावे लागतात. मेट्रो आणि सायकल ही जोडगोळीच खरी.

ट्रेनमध्ये ‘ई’ सीट नाही

बीजिंग ते शांघाय १,३१८ किलोमीटर. ताशी ३५० किलोमीटरने धावणाऱ्या सर्वांत वेगवान गाड्या हे अंतर साडेचार तासांच्या आत कापतात. दुसऱ्या वर्गाचं तिकीट गाडी आणि वेळेप्रमाणे साधारण साडेपाचशे ते साडेसहाशे युआन. दुसऱ्या वर्गात एका रांगेत पाच सीट्स असतात: ए, बी, सी, डी आणि एफ. ‘ई’ गाळलेली. कारण साधं आहे. विमानांच्या पद्धतीप्रमाणे ए आणि एफ खिडकीच्या, सी आणि डी मधल्या वाटेच्या. पाचच सीट्स बसवायच्या, तर डी आणि एफच्या मधली ‘ई’ गळाली. तिकीट पासपोर्टवर निघतं आणि पासपोर्ट दाखवूनच आत जायचं. आपल्याकडे पासपोर्टवर वडिलांचं किंवा पतीचं नावही असतं. तिकीट, सिमकार्ड, बँक, सगळीकडे नाव अक्षरन् अक्षर पासपोर्टप्रमाणेच टाकावं.

कचऱ्याचा न्याय डुकराकडे

१ जुलै २०१९पासून शांघायमध्ये कचऱ्याचे चार भाग करणं सक्तीचं झालं: ओला, सुका, पुनर्वापराचा आणि घातक. चुकणाऱ्या रहिवाशाला ५० ते २०० युआन दंड. अनेक सोसायट्यांत कचराकुंड्या सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळातच उघडतात आणि स्वयंसेवक आजी-आजोबा शेजारी उभे राहून पिशव्या तपासतात. गोंधळलेल्या शांघायकरांनी मग एक तोडगा काढला. डुक्कर खाईल तो ओला. डुक्करही तोंड लावणार नाही तो सुका. खाऊन डुक्कर मरेल तो घातक. आणि विकून डुक्कर विकत घेता येईल तो पुनर्वापराचा! एवढं लक्षात ठेवलं की कुंडीपाशी अडायला होत नाही, शेजारच्या आजींशी ओळखही होते.

साठ सेंटिमीटर कागद

सार्वजनिक स्वच्छतागृहं बहुतेक फुकट, पण आत कागद असेलच असं नाही. बीजिंगच्या टेंपल ऑफ हेवन उद्यानात लोक कागदाची गुंडाळीच घरी नेत, म्हणून २०१७मध्ये चेहरा ओळखून कागद देणारी यंत्रं बसवली. एका चेहऱ्याला साठ सेंटिमीटर, पुन्हा हवा तर नऊ मिनिटांनी या! टिश्यूचं पाकीट खिशात असावंच.

एक देश, एक घड्याळ, दोन बंद दारं

भूगोलाप्रमाणे पाच कालविभागांत मावणाऱ्या या देशात १९४९पासून एकच वेळ चालते, बीजिंगची. त्यामुळे पश्चिमेकडच्या काश्गरमध्ये जून महिन्यात सूर्य घड्याळातले रात्रीचे दहा वाजून गेल्यावर मावळतो. भारत बीजिंगच्या अडीच तास मागे. तिथून रात्री साडेदहाला फोन केला की आईबाबा इथे आठच्या बातम्या बघत असतात.

पण फोन करायचा कशावरून? व्हॉट्सॲप चीनमध्ये बंद, आणि वीचॅटवर भारताने जून २०२०मध्ये बंदी घातली. मोठी पंचाईत! सोपा मार्ग म्हणजे भारतीय सिमकार्डाचं आंतरराष्ट्रीय रोमिंग. त्याचा डेटा भारतातल्या कंपनीमार्फत जात असल्याने व्हॉट्सॲप चालतं. दोन्हीकडे आयफोन असेल तर फेसटाइमही चालतं. ही सोय निघण्याआधीच घरच्यांबरोबर बसून पक्की करावी, म्हणजे पहिल्या रात्री कुणाचा जीव टांगणीला लागत नाही.

डॉक्टर, शाळा आणि पावती

मोठ्या सरकारी रुग्णालयात आधी नोंदणी, मग डॉक्टर, मग पैसे आणि त्यानंतर तपासणी असा क्रम असतो. बीजिंगमध्ये २०१७च्या दरांनुसार साध्या डॉक्टरसाठी ५० आणि नामवंत तज्ज्ञासाठी १०० युआन. इंग्रजी बोलणाऱ्या खासगी आंतरराष्ट्रीय दवाखान्यात नुसत्या भेटीलाच हजाराच्या वर जातात. आरोग्य विम्याशिवाय तिथे पाऊल टाकू नये.

कुटुंबासाठी सर्वांत मोठा खर्च आंतरराष्ट्रीय शाळेचा. बीजिंग-शांघायमध्ये वर्षाला दोन ते साडेतीन लाख युआन, म्हणजे चोवीस ते बेचाळीस लाख रुपये. नोकरीचा करार करतानाच हा खर्च कंपनीकडे मागावा. परदेशी कर्मचाऱ्यांना घरभाडं आणि मुलांच्या शिक्षणाचे भत्ते करमुक्त घेण्याची सवलत २०२७अखेरपर्यंत आहे. त्यासाठी फापियाव नावाची सरकारी पावती हवी. लोकांनी ती मागावी, दुकानदारांनी कर बुडवू नये, म्हणून कागदी पावत्यांवर खरवडून बक्षीस पाहायची पट्टी असायची. जेवणाची पावती आणि लॉटरी एकाच कागदावर!

सुट्टीची भरपाई रविवारी

ऑक्टोबरमधली राष्ट्रीय दिनाची सुट्टी सलग आठवडाभर असते, पण त्यातले काही दिवस आधीच्या किंवा नंतरच्या शनिवार-रविवारी काम करून भरून द्यावे लागतात. चिनी नववर्षाच्या सुमारास चाळीस दिवस अख्खा देश गावाकडे जात-येत असतो. तेव्हा भाजीवाला, पार्सलवाला, कामाच्या मावशी सगळेच गावी जातात. त्या काळासाठी शिधा भरून ठेवावा आणि तिकिटं विक्री उघडताच काढावीत.

सोलापूरच्या डॉक्टरांना भेटायचं असेल तर

बीजिंगहून हायस्पीड ट्रेनने सुमारे दीड तासावर शिज्याझ्वांग आहे. तिथल्या हुतात्मा स्मारकात सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी आणि पुतळा आहे. १९३८मध्ये वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले, चिनी भाषा शिकले, तिथल्या माणसांमध्ये त्यांच्यासारखेच राहिले, क्वो छिंगलान यांच्याशी त्यांनी लग्न केलं आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या ३२व्या वर्षी तिथेच त्यांचं निधन झालं. चीनमध्ये राहणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने एक शनिवार या भेटीसाठी राखून ठेवावा.

महिन्याचा ढोबळ हिशेब

चेंगदू-वुहानसारख्या शहरात एकट्याने, तिथल्यासारखं राहायचं असेल तर अंदाज असा:

- घरभाडं: २,५०० युआन
- घरचा स्वयंपाक आणि अधूनमधून बाहेर: १,८०० युआन
- मेट्रो, बस, सायकल: २०० युआन
- वीज, पाणी, गॅस, मोबाइल: ४०० युआन

एकूण ४,९०० युआन, म्हणजे साधारण ५९ हजार रुपये. शांघायच्या मध्यवस्तीतलं घर, रोजची परदेशी कॉफी आणि आयात किराणा धरला की हाच आकडा तिप्पट व्हायला वेळ लागत नाही.

म्हणून पहिल्या महिन्यातच थोडे पैसे आणि बराच वेळ चिनी शिकण्यावर घालवा. भाव विचारता येणं, पत्ता सांगता येणं, ‘मांस नको’ म्हणता येणं, एवढं जमलं तरी एजंट, इंग्रजी बोलणारी दुकानं आणि महागडे दवाखाने यांच्यावाचून बरंचसं भागतं. पैसे वाचतात ते वेगळेच, त्याहून मोठा लाभ म्हणजे शेजार मिळतो.